गाडीची विभागीय चौकशी

आमच्या घरमालकांनी त्यांच्या गाडीची बॅटरी सव्वा महिना निलंबित ठेवली होती. निलंबित हा शब्द माझा नाही, त्यांचाच. निलंबनाच्या काळात कर्मचाऱ्याला मुख्यालय सोडता येत नाही, म्हणून बॅटरी व्हरांड्यातून हलवायची नाही असा त्यांचा हुकूम होता. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता द्यावाच लागतो, म्हणून दर रविवारी ते तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालत आणि टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मागून आणलेल्या चार्जरला तिला चार तास लावत. मी तेव्हा त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, आणि माझ्या चपलांची जागा बॅटरीच्या शेजारी होती. चपला काढताना मी तिला पाय लावू नये, अशी ताकीद होती. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचीही चौकशी लागली असती.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. विरार पश्चिमेला, नंदाखालच्या वाटेवर त्यांचं बैठं घर, त्यावर माझ्या दोन खोल्या, मागे विहीर आणि तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या केळीच्या वाड्या. मी जवळच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. घरमालक ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतून चौकशी अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कोणतं खातं ते सांगत नाही. सगळ्याच खात्यांना ते आपलंच वाटेल. त्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो. दूधवाला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, आणि चिडल्या की त्यांच्या पत्नीसुद्धा म्हणायच्या. त्यांना मी काकू म्हणायचो.

साहेब उंच आणि हडकुळे. घरातही पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि खिशात दोन पेनं. निळं पेन साक्षी लिहायला आणि लाल पेन निष्कर्ष लिहायला. निळ्याची रिफिल महिन्याला संपे. लाल पेन मी तिथे राहायला आल्यापासून तेच होतं.

याला कारण होतं. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी किती चौकश्या केल्या याची मोजदाद त्यांनाही नव्हती, पण बहुतेक सगळ्यांचा शेवट एकाच वाक्यात व्हायचा : पुरेशा पुराव्याअभावी दोषमुक्त. त्यांची एक पद्धत होती. दोषी असू शकतील अशा सगळ्यांची आधी यादी करायची. मग एकेकाला तपासून सोडून द्यायचं. शेवटी जो उरेल तो दोषी. आता होई काय, की यादीतल्या प्रत्येकासाठी कुणाचा ना कुणाचा फोन येई. कधी मंत्रालयातून, कधी युनियनकडून, एकदा तर अपचाऱ्याच्या मेहुण्याच्या गुरुजींकडून. अपचारी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. असे फोन येत राहिले की यादी रिकामी होई आणि फाईल बंद. "आपण निष्कर्षावर जायचं नसतं मास्तर," ते मला म्हणायचे, "निष्कर्ष आपल्याकडे येतो." फोनवरून येतो हे ते सांगत नसत, ते काकूंनी सांगितलं.

निवृत्तीनंतर चौकशीचं हे खूळ घरात शिरलं. एकदा दूध उतू गेलं. साहेबांनी दूधवाल्याची साक्ष घेतली, माझी घेतली, काकूंची घेतली, आणि शेजारच्या मांजराबाबत, ते हजर न राहिल्यामुळे, एकतर्फी कामकाज चालवलं. दूधवाल्याने अंगठा दिला, कारण त्याला लवकर जायचं होतं. चार दिवसांनी मांजर दोषमुक्त झालं तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, मीच गॅस बंद करायला विसरले होते."

"हे तुम्ही साक्षीत सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही विचारलंत, दूध किती वाजता आलं."

साहेबांनी निळ्या पेनाने तशी नोंद केली आणि विषय मिटवला. मला तेव्हा हसू आलं होतं. माणूस निरुपद्रवी आहे असं माझं ठाम मत होतं. मी तिथे राहायला आल्यावर हरेश्वर पहिल्यांदा गेटवर आला, तोपर्यंत होतं.

हरेश्वर जवळच्या वटार गावचा. साहेबांच्या कचेरीत जीपवर ड्रायव्हर होता. दर उन्हाळ्यात सुकेळी तयार झाली की तो सायकलवरून यायचा. सुकेळी म्हणजे आमच्या वसईची वाळवलेली केळी, मधासारखी गोड, सुक्या पानात बांधलेली. गेटच्या बाहेर उभा राहायचा, पुडकं गेटच्या खांबावर ठेवायचा आणि व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या साहेबांना विचारायचा, "साहेब, त्या वाक्याचं काय झालं?"

साहेब पेपर खाली न घेता म्हणायचे, "चौकशी बंद झालेली आहे."

"बरं साहेब," म्हणून तो सायकल वळवायचा. दर वर्षी एवढंच व्हायचं. सुकेळी घ्यायला साहेबांचा नकार होता, ती लाच ठरते. निवृत्त माणसाला कोण कशाला लाच देईल, असं काकूंनी विचारलं तर साहेब पेपराचं पान उलटत. पुडकं काकू आत आणायच्या. मग ती गेटवर सापडलेली बेवारस वस्तू ठरे आणि साहेब ती चहाबरोबर खात.

वाक्याची गोष्ट मला काकूंनी विहिरीवर सांगितली. बारा वर्षांपूर्वी एका महिन्यात तीन सकाळी कचेरीची जीप चालू झाली नव्हती. तिसऱ्या सकाळी कुणी मोठे अधिकारी दौऱ्याला निघायचे होते, ते खोळंबले आणि भडकले. दर वेळी वर्कशॉपचा माणूस आला की जीप पहिल्या चावीला सुरू. चौकशी साहेबांकडे आली. त्यांनी यादी केली. बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, वायरिंग ठीक, वर्कशॉपचा दाखला ठीक. यादीत उरला ड्रायव्हर. हरेश्वर एकच सांगत होता, "साहेब, गाडी खरंच चालू होत नव्हती." त्याच्यासाठी कुणाचा फोन आला नाही. साहेबांनी लाल पेन उघडलं आणि लिहिलं : अपचारी खोटे बोलत आहे. हरेश्वरला नोकरीतून काढलं.

"नोकरी परत मागत नाही तो," काकू म्हणाल्या. "वाडी आहे, केळी आहेत, त्याचं भागतं. त्याला तेवढं एक वाक्य खोडून पाहिजे. वटारला त्याच्या घराजवळच्या दुकानावर म्हातारी मंडळी बसतात, ती अजून त्याला विचारतात, काय हरेश्वर, झाली का चालू? सायकलवर असला तरी विचारतात. लेकीच्या लग्नात, वरात निघताना विचारलं."

त्या दिवसापासून मला साहेबांचा राग यायला लागला. पण मी भाडेकरू होतो, आणि खोल्यांना खाडीकडचा वारा होता.

आता गाडी. निवृत्तीनंतर साहेबांनी एक जुनी गाडी घेतली होती. मूळ रंग मोरपंखी असावा. शनिवारी काकूंना निर्मळला देवळात न्यायचं आणि उरलेले सहा दिवस धुवायचं, असा तिचा उपयोग. एका पावसाळ्यानंतर ती सकाळी चालू होईना. चावी फिरवली की नुसता टक् असा आवाज. दिवे लागत, हॉर्न वाजे, पण चावी फिरवली की दिवे मंद होत आणि टक्. पाच-सहा वेळा फिरवली की कधी चालू होई, कधी होत नसे.

साध्या माणसाने मेकॅनिक बोलावला असता. साहेबांनी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी चौकशी लावली. मला सादरकर्ता अधिकारी, म्हणजे पुरावे मांडणारा, आणि पंच अशी दोन्ही कामं दिली. हे नियमात बसत नाही असं मी म्हटलं, तर म्हणाले, मनुष्यबळ कमी आहे.

पहिलं काम यादीचं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत विजेच्या भागांचं एक पान होतं. त्यावरून त्यांनी तेरा नावं काढली. बॅटरी, सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर, चावीचा स्विच, फ्यूज, अमकी वायर, तमकी वायर. मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही चित्रकार. घटनास्थळाचा नकाशा काढा."

मी दोन संध्याकाळ बॉनेटमध्ये डोकं घालून चित्र काढलं. चांगलं झालं होतं. शेजारी रंगीत पेन्सिलीने वायरींचे रंगही दाखवले. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय?"

"पट्टी आहे. इंजिनापासून गाडीच्या अंगाला जोडलेली. विणलेली आहे, वेणीसारखी."

"वायर आहे?"

"वायरसारखी दिसत नाही. वर रबर नाही काही."

"यादीत वेणी नाही," साहेब म्हणाले. "काढून टाका."

मी खोडरबर घेतलं आणि काढून टाकली. चित्र त्यामुळे जरा मोकळं दिसायला लागलं, असंही मला वाटलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे सगळं हसं साहेबांचं झालं आणि मी नामानिराळा राहिलो.

मग तेराजणांची सुनावणी सुरू झाली. साहेबांनी विजेचा एक मीटर विकत आणला. बॅटरीच्या दोन टोकांना लावून पाहिलं, काटा बारावर चढला. तरी बॅटरीवर संशय दाट, म्हणून ती निलंबित. सव्वा महिन्याने पुन्हा मोजली, पुन्हा बारा. मग तिला सन्मानाने परत गाडीत बसवली, टोकं सोड्याच्या गरम पाण्याने धुतली, व्हॅसलीन लावलं. तिच्या कडीला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली : दोषमुक्त. खाली त्यांची सही आणि माझी. फ्यूज दोषमुक्त. चावीचा स्विच दोषमुक्त. सेल्फ खोलून बाहेर काढला, व्हरांड्यात पेपरावर ठेवला, बॅटरीला जोडला तर फिरला. दोषमुक्त. सेल्फ खोलायला साहेबांना नऊ दिवस लागले आणि परत बसवायला पंधरा, त्यात होळी येऊन गेली.

मध्यंतरी काकूंनी परस्पर तुळिंजहून एक मेकॅनिक बोलावला. तरणा, तोंडात गुटखा. तो आला, बॉनेट उघडलं, वाकून इंजिनावर हात टेकला, इकडेतिकडे हलवून पाहिलं, चावी फिरवली. गाडी पहिल्या चावीला सुरू.

"काका, गाडी तर एकदम ओके आहे," तो म्हणाला.

"ती चालू होत नव्हती," साहेब म्हणाले.

"झाली की. तुमच्यासमोर झाली."

"सकाळी होत नव्हती."

तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टक्. पुन्हा बोलावला. तो आला, वाकला, हात टेकला, गाडी सुरू. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने चावीला हातही लावला नाही. साहेबांना गाडीत बसवलं, स्वतः बॉनेटवर रेलला आणि म्हणाला, "काका, फिरवा." सुरू. मग तो काकूंकडे वळून, साहेबांना ऐकू जाईल अशा बेताने, हळू आवाजात म्हणाला, "काकी, काकांना चावी बराबर फिरवता येते ना? वय झालं की होतं असं. उगाच मला बोलावू नका."

साहेबांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कानशिलं लाल झाली होती. ते एवढंच म्हणाले, "गाडी खरंच चालू होत नव्हती." मेकॅनिकने मान हलवली, लहान मुलाचं ऐकून घेतात तशी, आणि स्कूटरला किक मारली.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

मे महिन्यात अहवाल पूर्ण झाला. साहेबांनी तो व्हरांड्यात वाचून दाखवला. काकू खाली बसून वाल सोलत होत्या, मी पायरीवर. समोर गाडी उभी, बॉनेट उघडं, आत तेरा चिठ्ठ्या वाऱ्यावर हलत होत्या. एकेक नाव वाचत साहेब पुढे गेले. दोषमुक्त, दोषमुक्त, दोषमुक्त. तुळिंजच्या मेकॅनिकची साक्ष : तीन वेळा तपासले, तिन्ही वेळा वाहन सुस्थितीत. मग त्यांनी निळं पेन खिशात ठेवलं, लाल काढलं, टोपण उघडलं आणि थांबले.

"लिहा ना," काकू म्हणाल्या.

"विचार करतोय."

"त्यात विचार कसला? बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, वायरी ठीक. मेकॅनिक आला की गाडी चालू. तुमच्या पद्धतीने एकच नाव राहिलं." त्यांनी एक वाल सोलला आणि वाटीत टाकला. "चालक. लिहा, अपचारी खोटे बोलत आहे."

साहेबांनी लाल पेनाचं टोपण लावलं. ते आत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण गाडी धुतली नाही. काकूंना मी म्हटलं, जरा जास्तच झालं का? त्या म्हणाल्या, "बारा वर्षं मी सुकेळी आत आणतेय. मला आता ती गोड लागत नाहीत."

आणि पाचव्या दिवशी, शनिवारी, हरेश्वर आला.

काकूंना निर्मळला जायचं होतं, म्हणून साहेब गाडीत बसून चावी फिरवत होते. टक्. टक्. गेटबाहेर सायकल उभी राहिली. पुडकं हातात घेऊन हरेश्वर खांबाशी आला. पन्नाशी उलटलेला, ठेंगण्या बांध्याचा माणूस, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. साहेबांच्या हातात आज पेपर नव्हता. लपायला काहीच नव्हतं.

"हरेश्वर," साहेब म्हणाले, "गाडी चालू होत नाहीये."

हरेश्वरने पुडकं हातातच धरलं.

"खरंच होत नाहीये," साहेब म्हणाले. वास्तविक कुणी शंका घेतली नव्हती.

"होय साहेब," हरेश्वर म्हणाला. "होत नाही कधीकधी." मग त्याने विचारलं, "आत येऊ?"

काकूंनीच जाऊन गेट उघडलं. त्याने सुकेळी त्यांच्या हातात दिली, बाह्या दुमडल्या आणि बॉनेटखाली वाकला. चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्या तेरा वाचल्या, सावकाश. तो हसेल असं मला वाटलं, आणि हसला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त चिठ्ठ्या हाताने बाजूला सारल्या आणि खालच्या कोपऱ्यात बोट घातलं.

"हिच्यावर चिठ्ठी नाही, साहेब."

ती वेणी होती. दोन्ही टोकांना हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखी दिसत होती, आणि एका टोकाचा बोल्ट हाताने हलत होता. नकाशातून मीच खोडलेली.

हरेश्वरने जाड वायर मागितली; सेल्फ तपासताना आणलेली होतीच. तिचं एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला लावलं, दुसरं इंजिनाच्या एका उघड्या बोल्टवर दाबून धरलं. "फिरवा साहेब." गाडी सुरू झाली. बंद करायला लावली, वायर काढली. "आता फिरवा." टक्.

"बॅटरीतून करंट सेल्फकडे जातो," तो म्हणाला, "पन त्याला परत यायला वाट लागते. ती वाट ही. इथल्या खाऱ्या हवेनं खाल्लीय. कुनी इंजिनावर हात टेकला, जरा हलवलं, की ही टेकते आनि गाडी चालू होते. सोडून दिली की पुन्हा तेच."

मी वरून पॉलिश पेपर आणला. हरेश्वरने पट्टीची टोकं आणि बोल्टाची जागा घासून तांब्यासारखी लख्ख केली आणि बोल्ट पाना लावून आवळला. या सगळ्याला अर्धा तासही लागला नाही. आमचे सहा महिने गेले होते. साहेबांनी चावी फिरवली आणि गाडी अशी चालू झाली की विहिरीवरचे कावळे उडाले.

साहेब गाडीतून उतरले. इंजिन चालूच. "जीपचंही हेच होतं का?" त्यांनी विचारलं.

"ते मी कसं सांगू?" हरेश्वर हात पुसत म्हणाला. "असेल, नसेल. मी बघतो म्हनत होतो. पन निलंबित केलेलं. जीपला हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम होता."

"कुणाचा?" असं विचारायला साहेबांचं तोंड उघडलं, आणि मिटलं. मग ते म्हणाले, "अहवालाची तुझी प्रत आहे?"

हरेश्वरने सायकलच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. म्हणजे तो दर वर्षी ती प्रत घेऊन येत होता. दर वर्षी गेटवर उभा राहताना तो कागद त्याच्याजवळ होता, आणि वर आम्ही त्याचीच सुकेळी खात होतो. मीही खाल्ली होती. मला माझीच लाज वाटली.

"कचेरीत विचारलं होतं," तो म्हणाला. "मुदत संपली म्हणून फाईल जाळली म्हनाले. आता एवढंच आहे."

साहेबांनी कागद बॉनेटवर ठेवला. लाल पेन काढलं. 'अपचारी खोटे बोलत आहे' यावर एक रेघ मारली, पट्टी न घेता, त्यामुळे ती थोडी वाकडी गेली. समासात लिहिलं : 'हे वाक्य चूक. चालक खरे बोलत होता. वेणी तपासली नव्हती.' खाली सही, हुद्दा, कंसात सेवानिवृत्त. पंच म्हणून मी सही केली, काकूंनी केली. हरेश्वरने कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला, आणि अगदी साधेपणाने विचारलं, "साहेब, शिक्का?"

शिक्का कुठून असणार? तो कचेरीत जमा करून साहेब घरी आले होते. ते आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले.

"असू दे," हरेश्वर म्हणाला. "घरात दाखवीन. दुकानावरची मानसं म्हनतील, ह्यानंच खोडलं. ती म्हनोत."

साहेबांनी धाडकन बॉनेट लावलं. आतल्या तेरा चिठ्ठ्या आतच राहिल्या. "बसा," ते आम्हाला म्हणाले. आणि हरेश्वरला म्हणाले, "तुम्ही पुढे बसा. रस्ता दाखवा." वटारचा रस्ता त्यांना चांगला ठाऊक होता. बारा वर्षं त्या रस्त्याने जायचं टाळायचं म्हणजे तो ठाऊक असावाच लागतो.

हरेश्वरची सायकल आमच्या गेटशीच राहिली. साहेबांनी गाडी तिसऱ्या गियरच्या वर नेली नाही आणि वाटेत कुठेही बंद पडू दिली नाही. दुकानासमोर थांबलो तेव्हाही इंजिन चालूच ठेवलं. बाकावर चार म्हातारे होते. हरेश्वर गाडीतून उतरताच त्यातल्या एकाने सवयीने विचारलं, "काय हरेश्वर, झाली का चालू?" समोर गाडी धडधडत उभी होती, तरी विचारलं.

साहेब दार उघडून खाली उतरले. शर्ट ठाकठीक केला. अहवाल वाचताना लागायचा तोच त्यांचा आवाज लागला, पण मधेच फाटत होता. "हे नोकरीत असताना यांची चौकशी मी केली होती. जीप चालू होत नव्हती, असं हे सांगत होते. ते खरं होतं. खोटं मी लिहिलं. सगळ्यांना तपासलं, पण यांचं ऐकून घेतलं नाही. यांच्यासाठी कुणी फोन केला नाही, म्हणून मला लिहायला सोपं गेलं."

शेवटचं वाक्य ते बोलतील असं काकूंनाही वाटलं नव्हतं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

बाकावरचा एकजण पुटपुटला, "आम्ही आपली गंमत करायचो."

"बारा वर्षं?" काकूंनी गाडीतूनच विचारलं.

हरेश्वरने खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवून गाडी बंद केली. साहेब दचकले. "बंद नका करू, पुन्हा..."

"होईल चालू," हरेश्वर म्हणाला. "चला, घरात या. चहा घ्या."

आम्ही गेलो. केळीच्या वाडीत कौलारू घर, ओटीवर सुपात सुकेळी पसरलेली. हरेश्वरच्या बायकोने साहेबांना पाणी दिलं, चहा दिला आणि आत निघून गेली. साहेबांनी ताटलीतलं सुकेळं उचललं आणि सगळ्यांसमोर खाल्लं. कागद हरेश्वरने देवाच्या फळीवर ठेवला.

निघताना साहेबांनी चावी त्याच्यापुढे धरली. सायकल न्यायला त्याला आमच्याबरोबर यायचंच होतं. "तुम्ही चालवा," ते म्हणाले आणि मागे माझ्या शेजारी येऊन बसले. काकू पुढे बसल्या.

गाडी अजून दुकानासमोरच होती, आणि बाकावर ते चौघेही. हरेश्वरने बसून आधी आरसा नीट केला. चावी फिरवली. गाडी चालू झाली. त्याने ती बंद केली. पुन्हा फिरवली, पुन्हा चालू झाली. पुन्हा बंद केली. साहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. तिसऱ्यांदा चालू झाल्यावर हरेश्वरने बाकाकडे एकदा पाहिलं आणि गियर टाकला.